बटाट्यांशी बोलणी

आरोग्यकेंद्रातली यास्ना, माझ्या धाकटीच्या वयाची,
कागद फिरवून माझ्यापुढे सरकवते.
साखरेच्या आकड्याला लाल गोल.
"दोन्या एदेल्मिरा, बटाटा कमी करायला हवा."
मला हसूच आलं.
चिलोए बेटावरच्या बाईला बटाटा कमी कर म्हणणं
म्हणजे माशाला सांगणं, बाई, ओली होऊ नकोस.

माझ्या कोठारात बारा जाती नांदतात.
काळा मिचुन्ये, चेटकीण, गाईची जीभ,
क्लावेला, जिची साल गुलाबी आणि स्वभाव तिखट.
सासूने लग्नात दागिना घातला नाही,
बियाण्याचं पोतं दिलं, आणि म्हणाली,
हे मोडता येत नाही, पेरता येतं.

पुएर्तो मोंतहून मुलीचा फोन: बंद म्हणजे बंद!
तिने यादी धाडली. फ्लॉवर किसून भात समजायचा.
अवोकाडो फेरीबोटीतून यायचा
आणि तिकीट मलाच पडायचं.
अकरा दिवस काढले. डोकं ठणकायचं, रात्री पोटऱ्या वळायच्या.
रुपेर्तो होडीच्या शेडमागे लपून मिल्काओ खायचा,
दाढीला चरबीचा वास घेऊन घरात शिरायचा,
जणू दुसऱ्या बाईकडून आलाय.

बाराव्या दिवशी नाउएलकिनांकडे कुरान्तो.
खड्ड्यावरची नाल्काची पानं उचलली,
वाफ माझ्याकडेच आली, सरळ.
सात मिल्काओ खाल्ले, उभ्याने.
डोळ्यांत पाणी आलं.
तोंड भाजलं होतं, दुसरं काही नाही.

मग शेजारच्या ओतिलियाचा मार्ग: मोजून खा.
ती कांदासुद्धा सोनारासारखा तोलते.
माझा काटा बाजारात बियाणं विकायचा,
त्याची सर्वांत बारीक रेघ अर्ध्या किलोची.
त्याच्यावर माझा अख्खा संसार शून्य भरतो.

पुढे काय झालं ते नीटसं सांगता येत नाही.
जूनमधली ओहोटी होती, बोटं बधिर,
मी शिंपल्या वेचत होते आणि मनात आलं,
हे तर माझ्या ताटात कायमच होतं, कडेला.
शिंपल्या, धुरावलेली सिएरा, लुचेचं काळं शेवाळ,
कोबी, मेंढीचा रस्सा, कोंबड्या देतील तेवढी अंडी.
कडेचं मध्ये ओढलं. मधलं कडेला सारलं.
एवढंच.

आणि पाव?
पाव सोडला, तर आठवणसुद्धा आली नाही!
साठ वर्षं खात होते,
माते पिताना हात रिकामा राहू नये म्हणून.
ओतिलियाचं नेमकं उलटं:
बटाटा तिने हसत सोडला,
पण सकाळची एक फोड पाव नसेल
तर नवऱ्याशी बोलत नाही.
आम्ही दोघी एकमेकींना वेड्यात काढतो
आणि कुंपणावरून अंडी-मासळीची अदलाबदल करतो.

मातेतली साखर मात्र चिवट निघाली.
तीन महिने नुसता कडू घोट, तोंड वाकडं.
परवा चुकून नातवाचा माते ओढला,
वाटलं, होडीच्या फटीत भरायचा डिंक.

आकडा उतरलाय. धाडकन नाही,
गुडघे दुखणारी बाई जिना उतरते तसा.
यास्ना विचारते, या पद्धतीचं नाव काय? लिहायचंय.
नाव नाही, म्हटलं. लिही: रविवारी एक.
एक म्हणजे केवढा, तिने विचारलं.
मी मूठ दाखवली. तिने माझी मूठ धरली,
उघडून पाहिली आणि मिटवताना
जरा लहान केली.

ऑगस्टात पुन्हा बाराही जाती लावल्या.
एवढं कोण खाणार, रुपेर्तो म्हणाला.
तू, म्हटलं. आणि शेडमागे नको, टेबलावर बस.

शनिवारी रात्री कोठारात दिवा घेऊन जाते.
या आठवड्याला मिचुन्ये, साल सकट उकडून, वर मीठ.
पुढच्या रविवारी आचाओला बारसं आहे.
तिथे दोन होतील, कदाचित तीन.
ते मी यास्नाला आधीच सांगून ठेवलंय.