कुंडीतला माठ

शिरोड्याच्या नव्या हॉटेलात
गेटपासून पायऱ्यांपर्यंत चौदा कुंड्या.
मोजल्यात मी, रात्रपाळीला दुसरं काय करणार.
प्रत्येकीत गडद लाल तुरे,
पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतात.

जयवंती सकाळी रिक्षातून आली,
नारळ उतरवले, हिशेब केला,
आणि जाता जाता तिच्या बोटांनी
आपसूक एक तुरा खुडला.
"हात लावू नका, फुलं आहेत," मी म्हणालो
आणि मलाच लाज वाटली.
"फुलां खंयची? माठ ह्यो. निबर झालो,
आता कोण खातलो?"

लहानपणी ह्याच्या देठीने
माझा भात गुलाबी व्हायचा.
आठळ्या मी आधी वेचून संपवायचो,
चोखलेले देठ ताटाच्या कडेला.
आई बी राखेत कालवून पेरायची,
इतकं बारीक, की नुसतं मुठीत घेतलं
तर सगळं एकाच जागी सांडतं.
एकादशीला दुकानातून राजगिऱ्याचा लाडू यायचा,
तो ह्याचाच चुलतभाऊ,
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जयवंतीने तुरा तळहातावर चोळला,
फुंकर मारली.
कोंडा समुद्राच्या दिशेने गेला.
उरले काळे, चकचकीत कण,
मुंगीच्या डोळ्याएवढे.
पदराला गाठ मारून ती रिक्षात बसली.

तिसऱ्या कुंडीतलेही दोन तुरे कमी कसे,
मॅनेजर विचारेल.
चिमण्या, मी सांगेन,
खिशातला हात
बाहेर न काढता.