तक्रारवही

उत्तर उरुग्वेतल्या त्या रेडिओ केंद्रावर
मी एकोणीस वर्षं फोन उचलला.
समोर निळ्या पुठ्ठ्याची वही,
काचेपलीकडे विल्मार एचेवेरी,
आणि विल्मारच्या जिभेला, देवाशपथ, हाड नव्हतं.

गाणं सुरू झालं की हाही सुरू.
गायिका तोंड उघडेपर्यंत
लोकरीचा भाव, नदीची पातळी,
कुणाची तांबडी घोडी कुंपण ओलांडून गेली,
"टेकडीपलीकडच्या गोठ्यावर असलेल्या नेल्सननं
शुक्रवारची बस पकडावी, आईचं ऑपरेशन आहे."
मग एक कडवं. मग परत हा.
गाण्याच्या शेपटीवर पाय दिल्याशिवाय
त्याला पुढचं गाणं सापडतच नसे.

वहीत सगळं आहे.
कॅसेट भरणारा पोरगा: तिला दिलेल्या टेपमध्ये
ऐन मोक्याला मेंढ्यांच्या जंतांचं औषध आलं,
आता ती बोलत नाही.
दाताच्या डॉक्टरीणबाई: पेशंट हसतात, माझा हात हलतो.
आणि एक आजोबा, दर पहिल्या तारखेला:
गाणी जरा कमी करा,
त्या माणसाला धड बोलू देत नाहीत.

एलिदा बेंतान्कुरचा फोन गुरुवारी.
गुरुवारी तिच्या नवऱ्याची मिलोंगा लागायची.
ओलेगारिओ, बँडोनियन.
आमच्याच मागच्या खोलीत एकदा मुद्रित केलेली,
तो गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
तिची तक्रार एका ओळीची:
शेवटचे अकरा सेकंद सोडा.
मी लिहायचे, "वि.ला सांगितलं."
वि. छातीवर हात ठेवायचा, पुढच्या वेळी नक्की.
आणि पुढच्या वेळी, नक्की तिथेच,
मेंढीच्या कातड्याचा भाव.

मला वाटायचं, बाई हट्टी आहे.
अकरा सेकंदांत असं काय सोनं पुरलंय?

मग एका ऑगस्टात, गुरुवारीच,
येर्बा मातेचा उकळता घोट नळीतून ओढताना
विल्मारची जीभ भाजली.
माइक उघडा, आणि हा डोळ्यांत पाणी आणून
बातम्यांच्या कागदानं तोंडाला वारा घालतोय.

शेवटचा सूर संपला.
भात्यात उरलेली हवा बाहेर आली,
लांब, सावकाश,
जू उतरवल्यावर बैल सोडतो तशी.
खुर्ची करकरली.
आणि एक माणूस, अगदी जवळून,
जरासा लाजत म्हणाला,
"झालं?"

तेवढंच.
त्यानंतर टेपवर काही नाही, खोलीत काही नाही.

आणि फोन.
केंद्र बंद पडलं का?
राजधानीत काही घडलं का, खरं सांगा.
आजोबा, पहिली तारीख नसताना: विल्मार गेला?
डॉक्टरीणबाई चिडलेल्या:
मला वाटलं पेशंटनंच विचारलं,
मी हो म्हटलं, तो उठून घरी गेला,
अर्धी दाढ माझ्याकडे आहे.

एलिदाचा फोन आला नाही.
मी वहीत तिचं नाव लिहून ठेवलं होतं
सवयीनं. पुढे काही लिहिलं नाही.
विल्मारनं जाताना टेप मागितली,
हेडफोन लावून तीनदा ऐकली,
आणि माझ्याकडे न बघता टोपी घालून निघून गेला.
त्या दिवसापासून गुरुवारी तो
ती मिलोंगा सुरू झाली की माइकचं बटण बंद करून
हात मांडीखाली घेऊन बसायचा,
परीक्षेतल्या पोरासारखा.

तिसऱ्या आठवड्यात ती बोलली.
"लोकरीचा भाव सांगतच नाहीत हल्ली तुम्ही.
माझ्याकडे नऊ पोती पडून आहेत."
मी भाव सांगितला. तिनं लिहून घेतला असावा,
पेन्सिल ऐकू आली.
फोन मात्र ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.
एका कानात काचेपलीकडून,
दुसऱ्या कानात तिच्या ओट्यावरून,
विल्मार, जीभ बरी झालेला,
दुसऱ्याच कुणाच्या तरी गाण्यावर
हरवलेल्या घोडीचं वर्णन करत होता.