तीन नंबरचा बावटा

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला
की आमचा खेळ मांडायचा, हे ठरलेलं.
हर्णैच्या बर्फ फॅक्टरीचं ऑफिस, वरचा माळा,
खाली कॉम्प्रेसरची धडधड,
हिशेबाच्या टेबलावरचं मीठ पुसून
मध्ये ठेवायचं 'सात खंड', आवृत्ती दुसरी,
कव्हर गेलेलं, पाठ जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेली.
शिवण मुजाहिदची. तांडेलाच्या हातची गाठ, सुटायची नाही.

वीस बाजूंचा फासा एकदा
कोलंबीच्या टबात पडून मुंबईला गेला.
तेव्हापासून चहाच्या कपात वीस चिठ्ठ्या.
त्यातली विसाची हाताळून हाताळून जाड झालीय,
सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

आता तिसरी आवृत्ती येतेय.
दिवाळीच्या आधी म्हणे.

हेमल म्हणते, येऊ दे.
सात वर्षं वैदू खेळतेय मी,
आणि वैदूनं करायचं काय,
तर पाला बांधायचा आणि मागं उभं राहायचं.
नव्यात वैदूला विष उतरवता येतं,
चढवताही येतं.
'चढवता' म्हणताना तिनं जाळ्यात सुई अशी खुपसली
की मी पाय वर घेतले.

मुजाहिद बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, नव्यात माणूस लगेच मरत नाही, असं ऐकलं.
शून्यावर आला तरी तीन संधी.
"तीन," पुन्हा म्हणाला,
आणि खिडकीतून बघत राहिला
सुवर्णदुर्गाच्या पलीकडे, जिथं पाणी पांढरं होत होतं.
आम्ही कुणी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पावसे मास्तर शाळेत भूगोल शिकवतात, इथं चोर होतात.
ते किंमत काढून आले होते:
तीन हजार नऊशे, टपालखर्च वेगळा.
"म्हणजे चार किलो पापलेट, मोठं.
आणि तेही आपण खायचं नाही."

माझं दुखणं वेगळं.
खेळ मी चालवतो. जुन्या पुस्तकात समुद्राला पानं चारच,
लिहिणाऱ्यानं समुद्र पाहिला नसावा,
त्याचा वारा नेहमी मागूनच येतो.
मग समासात पेन्सिलीनं आम्हीच घातलं आमचं:
दोर भिजला असेल तर उणे दोन.
आवस-पुनवेला उधाण, नांगर दोनदा टाकावा.
खडप दिसत नसेल तर तांडेलाला विचारावं,
तांडेल नसेल तर देवाला.

नव्यात समुद्राला साठ पानं आहेत.
रंगीत.
मला आनंद झाला, खरंच झाला,
आणि रात्री दोनला जागा होऊन मी विचार करत बसलो
की साठ पानांना समास केवढा सोडला असेल.

परवा खेळ ऐन रंगात.
मुजाहिदचा भाचा सौद, वय पंधरा, त्याचा मांत्रिक
डोलकाठीच्या टोकावरून
चाच्यांच्या गलबतावर झेपावलेला,
जुन्या नियमानं चौदा हवेत, कमी पडलं की पाणी.
सौदनं कपात हात घातला, चिठ्ठी काढली,
आणि खाली कुणीतरी ओरडलं,
बावटा उतरला!

मग काय. खुर्च्या सरकल्या.
डिझेलचे कॅन, बर्फाच्या लाद्या, मास्तरांची छत्री,
होडकी कमरेएवढ्या पाण्यात ढकलली जाऊ लागली.
मामानं जिन्यावरून दोन हाका मारल्या.
सौदनं चिठ्ठी उघडली नाही.
घडीच्या घडीच पुस्तकात ठेवली, पान एकशे बारा,
आणि मला म्हणाला,
"उडी जुन्या पुस्तकात मारली मी.
नवं आलं तरी पडायचं याच नियमानं. लिहून ठेवा."

लिहिलं. समासात, तारखेसह.
पुढचा बावटा चढेपर्यंत पार्सल आलेलं असेल.
नव्यात कदाचित अकरा पुरतील,
कदाचित तीन संधी मिळतील त्याला.
पोरगा आत्ता चाळीस वाव पाण्यावर जाळं सोडत असेल,
मांत्रिक दोन गलबतांच्या मध्ये, हवेत.

चिठ्ठी जाड लागली का रे,
एवढं तरी विचारायला हवं होतं मी.