कल्चर रिपोर्ट, परभणी

सोजर मुंजाजी ढवळे, वय बावन्न, पालम.
लघवीला जळजळ, तिसऱ्यांदा.

प्लेटवर सहा चकत्या, सहा औषधांच्या.
चकतीभोवती मोकळं रिंगण पडायला हवं,
सडा टाकल्यासारखं.
पाच चकत्यांना जंतू बिलगून बसलेत,
शेकोटीला बसावं तसे.

गोळ्या पुऱ्या घेतल्या का, विचारलं होतं.
"दोन दिसात बरं वाटलं, मंग ठिवल्या की.
उरलेल्या जावेच्या पोराला दिल्या, तापात.
वाया कशाला घालवायच्या?"

वाया काहीच गेलं नाही, बाई.
लेचेपेचे तेवढे मेले.
एक तगला.
वीस मिनिटांत त्यानं आपल्यासारखाच दुसरा केला,
आणि तगायची युक्ती
शेजाऱ्याला दिली भिंतीवरून,
तुम्ही विरजण देता तशी,
वाटीभर, परत न मागता.

सहाव्या चकतीला रिंगण आहे.
पट्टी लावली: सतरा मिलिमीटर.
मागच्या उन्हाळ्यात याच औषधाचं
बावीस-तेवीस भरायचं.
पट्टी पुसून पुन्हा लावली.
सतराच.

बाई बाहेर बाकावर. पिशवीत भाकरी,
आणि जुन्या गोळ्यांचं अर्धं पाकीट,
दाखवायला आणलेलं.

या औषधाची गोळी येत नाही, मी सांगितलं,
सुईच घ्यावी लागते.
उरवता येत नाही.