सव्वीस ग्रॅम

घोडपदेवला आमचं दुकान, सात बाय नऊ.
त्यातला चौथा हिस्सा लाल फ्रिजचा.
तो आमचा नाही. कंपनीने दिलाय, फुकट.
लाइटबिल मात्र आमचं.
अट एकच : आत दुसरं काही ठेवायचं नाही.
दही नाही, लोणी नाही,
गुरुवारचा हारसुद्धा नाही.

गेल्या वैशाखात घरचा फ्रिज बसला.
तेव्हापासून खालच्या खणात,
आंब्याच्या चवीच्या बाटल्यांमागे,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात
मी ह्यांचं इन्सुलिन ठेवते.

सकाळी सातला शटर अर्धं वर करायचं,
वाकून आत शिरायचं,
गोडाची रांग बाजूला सारून
गोडावरचा उतारा काढायचा.
ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा
मागच्या वर्षी नायरमध्येच राहिला.
घरी आल्यावर एवढंच म्हणाले,
"एक चप्पल आता सैल होते गं."

दर मंगळवारी रुपेन येतो, कंपनीचा पोरगा.
फ्रिज उघडतो, फोटो काढतो, वर पाठवतो.
डबा त्याने पाहिलाय.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाकण उघडलं,
परत लावलं,
पुढे दोन बाटल्या सरकवल्या
आणि मग फोटो काढला.
जाताना म्हणाला, माझी आईपण दोनदा टोचून घेते.

त्याच्या बिलावर मी बोट ठेवलं :
हे काय रे?
कर, काकी. चाळीस टक्के.
आम्हाला गुटख्याच्या पंगतीला बसवलंय.
आणि ती बिनसाखरेची काळी बाटली?
तिलाही तेवढाच.
म्हणजे साखर कुणी मोजलीच नाही,
नुसता फेस बघून पावती फाडली.
जातात कुठे हे पैसे?
तो हसला. म्हणाला, वर.
फोटो जातात तिथेच का?
ते त्याला माहीत नव्हतं.

मग मीच मोजली.
दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही,
ह्यांचा डोळा लागलेला.
ह्यांचाच चष्मा लावून
बाटलीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली.
शंभराला दहा पूर्णांक सहा,
तर अडीचशेला किती?
महापालिकेच्या शाळेतलं त्रैराशिक, अजून येतं.
काट्यावर कागद ठेवला
आणि पोत्यातली साखर सोडत गेले.
वाटलं, आता पुरे.
काटा म्हणाला, अजून.
परत वाटलं, आता तरी पुरे.
सव्वीस.
आमच्याकडे पाच जणांच्या चहाला एवढी लागते,
त्यात माझे दीर आले तरच.
पुडी बांधली, दोरा गुंडाळला,
गल्ल्याशेजारी ठेवली.

क्लास सुटल्यावर अल्तमश आला, मागे तिघं.
चौघांत वीस रुपये, एक बाटली, चार नळ्या.
किंमत तीच आहे, बाटली बारीक झाल्यासारखी वाटते,
पण पोरांना ते दिसत नाही,
त्यांना थंड लागते एवढंच.
मी बाटली दिली. शेजारी पुडी ठेवली.
म्हटलं, बघ, हिच्यात आहे तेवढीच ही.
आठवडाभर मनात बोलून ठेवलेलं
पुढचं सगळं बोलणार होते मी,
अंगठ्याचं, चपलेचं.
त्याने पुडी उचलली,
तळव्यावर दोनदा उडवून झेलली,
डोळे चमकले.
"ही फ्री आहे का, काकी?"

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.
चौघं गेले. पुडी गेली.
नळीचा एक कागद तेवढा पंख्याखाली फिरत होता.

रात्री ह्यांनी वही काढली.
हे पोतं तोलतात, मगच झोपतात.
साखर थोडी कमी भरतेय, म्हणाले,
कुणाच्या नावावर टाकू?
अल्तमशच्या नको. त्याची आई आधीच
तीनशे चाळीस देणं लागते.
रुपेनच्या कशी टाकणार?
ह्यांच्या पायाकडे बघितलं
आणि लगेच नजर काढून घेतली.

म्हटलं, लिहा : वर.
वर कोण?
तुम्ही लिहा तर.
ह्यांनी पेन्सिल जिभेला लावली
आणि लिहिलं.