हिवाळ्यात मोजलेली

मी नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचते,
एकतीस वर्षं. रकान्यांशी माझं जमतं.
म्हणून तोरबियोर्ग आत्यानं जुन्या बायबलचं सुटं पान
माझ्याच हाती दिलं : बघ, हिचा काही माग लागतो का.
पानावर एवढंच : गुनवोर, अस्लाकची लेक,
आणि शाई पसरून तांबूस झालेला एक आकडा,
सात किंवा एक.

वाटलं, आडनाव मिळालं की बाई मिळेल.
पण त्या काळी आमच्या नॉर्वेच्या डोंगरात
आडनाव माणसाला नसायचं, शेताला असायचं.
ब्रेक्केवर राहिलात की ब्रेक्के,
मीरावर गेलात की मीरा.
ब्रेक्के म्हणजे चढण. मीरा म्हणजे दलदल.
लग्न होऊन ती कुठून कुठे आली
ते मला नकाशा न उघडताच कळलं.

१८६५. डिसेंबरचा शेवटचा दिवस.
उलाव, कूळ. जमीन मालकाची.
बायको गुनवोर, वय सव्वीस.
गाय १. मेंढ्या ४. डुक्कर ०.
पेरा : सातू पाव पिंप, बटाटे दोन पिंपं.
डुकराच्या शून्याला मोजणाऱ्यानं बारीक शेपूट काढलंय.
बोटं गारठली होती, की कुणी काही गरम प्यायला दिलं होतं?
सगळं विचारलं त्यानं, गाईचं नाव नाही विचारलं.
ते आत्याला ठाऊक आहे : दाग्रोस.
पाच पिढ्या कुणीतरी कुणाला तरी सांगत आलं,
गुनवोरच्या डोळ्यांचा रंग मात्र सांगायचा राहिला.

१८७५. पुन्हा एकतीस डिसेंबर.
गुनवोर, विधवा, विणकामावर गुजराण.
मुली दोन. गाय
– इथे नुसती रेघ. शून्यसुद्धा नाही.

मधल्या दहा वर्षांसाठी चर्चची वही काढली.
बाप्तिस्मा, सदुसष्टचा मार्च : अस्लाक, उलावचा.
देवी टोचल्या : होय.
दफन, त्र्याहत्तरचा ऑक्टोबर : तोच अस्लाक.
सहा वर्षं सात महिने जगला पोरगा.
एका शिरगणतीनंतर आला, दुसरीच्या आधी गेला.
सरकारच्या हिशेबी
मीराच्या उंबऱ्याला त्याचा पाय कधी लागलाच नाही.
दुसऱ्या दिवशी मी एकाच घराचं रीडिंग दोनदा लिहिलं.

१८९१. मीरावर भलतंच कुटुंब.
आडनावानं सापडेना, शेतानं सापडेना,
शेवटी अस्लाकनं दाखवली.
बाप अस्लाक, लेकही अस्लाक,
दोघांपैकी कुणाच्या हाताला धरून आले, सांगता येत नाही.
परक्या घरात, गडीमाणसांच्याही खाली,
यादीच्या तळाशी : गावावर पोसलेली.
वार लावून जेवावं तशी ती आठवडे लावून राहायची,
या शेतावर दोन, त्या शेतावर तीन,
बोचकं आणि स्वतःचा लाकडी चमचा घेऊन.
त्या रात्री ज्यांची पाळी, त्यांच्या घरात मोजली गेली.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली.
तिन्ही वेळा माणसं मोजली ती बर्फात.
जूनमध्ये कुणी वही घेऊन आलंच नाही,
जेव्हा बायका गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जात,
लोणी काढत, निवळी आटवत आटवत तपकिरी चीज करत,
आणि दरीपलीकडच्या बाईला हाळी घालत.
कागदावर गुनवोरला उन्हाळा नाही.

परवा आत्याला गाडीत घालून वर गेले.
झोपडीच्या जागी चार दगड, आग्याचं रान.
आत्यानं काठी रोवली, श्वास घेतला,
आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, फाटक्या आवाजात,
दरीकडे तोंड करून हाक मारली.
गुनवोरला नाही, गाईला.
लांब, शेवटी वर चढत जाणारी : दाग्रोऽऽस.

पलीकडच्या उतारावर
कुणाच्या तरी मेंढ्यांनी माना वर केल्या.
मी मोजायला लागले, सवयच ती.
नवापाशी आत्या म्हणाली,
चल उतरू, गारठा वाढतोय.