वाकडी रिम

हनीफ कोकणी दुकानात आला
तेव्हा लेथवर एक शाफ्ट अर्धा उतरला होता.
काही न बोलता त्यानं टेबलावर रिम ठेवली,
एका बाजूनं चेपलेली,
जत्रेत पायाखाली आलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी.

"रोहिदास कुठं होता?"
"शेजारी. गाडी हिच्यावर आली म्हणून शेजारी."
मग न विचारता
तो माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला.

वडाळा नाक्यावरचं त्याचं गॅरेज मला माहीत आहे.
जॅक सातपूरच्या लिलावातला, परदेशी,
घोड्या भद्रकालीत ठोकून घेतलेल्या,
दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.
गाडीखाली आधार देण्याजोगी जागा वीतभर.
तिथं जॅक लागला की घोडी कुठं लावणार?
मग विटा,
मग आंब्याच्या लाकडाचा ठोकळा,
मग "दोन मिनिटांचं तर काम आहे",
मग ही रिम.

"अंजनाताई, जॅकच्या टोपीवर एक पट्टी वेल्ड मारून दे,
पोरं घोड्या सरकवतील खालून."
"जॅकला आग दाखवायची नाही," मी म्हटलं.
"आत तेल आहे, सील आहेत,
आणि टोपी बिडाची.
बीड सांगून तडकत नाही."

टोपी उचलून काढली. खालच्या भोकात व्हर्नियर घातला:
बत्तीसला पाव कमी.
म्हणजे सव्वा इंच. जॅक इंचात जन्मलेला,
घोड्या मिलिमीटरमध्ये.
त्या मापाची पिन कातली, हातानं फिरेल पण हलणार नाही अशी.
पिनेवर आडवी तुळई,
तुळईच्या टोकांना पालथे कप,
घोडीच्या डोक्यावर बसणारे,
कपातून आरपार खिट्टी,
खिट्टीला साखळी, कारण हनीफच्या गॅरेजात
साखळी नसलेलं सगळं हरवतं.

बागुलांच्या प्रेसखाली ती नेली.
दोन टोकं टेकवली, मधोमध दाब, चार टन.
गाडीची एक बाजू एवढी कधीच भरत नाही,
तरी चार.
दहा मिनिटं कोणी बोललं नाही.
दाब सोडला.
काटा परतीला निघाला
आणि शून्याच्या अलीकडं थांबला.
दीड.

"दीड मिलिमीटर!" हनीफ हसला.
"एवढं तर माझं दारही वाकडं आहे."
"दार डोक्यावर पडत नाही," बागूल म्हणाले.
मी तुळई उलटी करून पाहत होते.
ओझं गेलं होतं,
ती मात्र वाकलेलीच राहिली होती.

दोन दिवस गेले. जाड भरीव चौरस अंबडहून आणला,
हनीफचे दोन गिऱ्हाईक मुंबई नाक्याला गेले,
त्यानं फोन उचलायचं बंद केलं.
दुसरी तुळई प्रेसखाली घातली तेव्हा
तो आला होता, पण दारातच उभा.
काटा गेला, आला,
शून्यावर बसला. बागुलांनी काचेवर
नखानं टकटक करून पाहिलं. शून्य.

शनिवारी पहिली गाडी.
जॅकनं दोन्ही चाकं एकदम उचलली,
घोड्या आत, खिट्ट्या आरपार,
मग वाल्व्ह हळू, हळू, अजून हळू,
भार जॅकवरून घोड्यांवर गेला
तसा एक बारीक आवाज झाला,
म्हातारं माणूस ओट्यावर टेकताना होतो तसा.
जॅक बाहेर ओढला.
मध्ये नुसती हवा.
हनीफनं बोनेटला खांदा लावून हलवलं. आम्ही सगळ्यांनी हलवलं.

रोहिदास आत गेला नाही.
एकोणीस वर्षांचा पोर, हातात पाना,
त्यानं आधी एक स्टेपनी लोटत आणली,
आडवी केली, गाडीखाली सरकवली,
आणि माझ्याकडं चोरट्यासारखं पाहिलं.

मी चार टनांची बाई,
मला राग यायला हवा होता.
"अजून थोडी आत घे," मी म्हटलं,
"छातीच्या रेषेत."

पैसे हनीफनं तीन हप्त्यांत दिले, शेवटचा अजून यायचाय.
रिम मात्र त्यानं परत मागितली नाही.
दुकानात तिच्यावर आता माठ असतो.
कलायचा,
म्हणून चेपल्या बाजूखाली
त्या पहिल्या तुळईचा एक तुकडा घातलाय, कापून, घासून.
पाणी ओतताना कधी कधी मी
हात लावून बघते.